अनेसिम नावाचा राजा

साहेब, तुम्ही माझ्या आजाला फसवलंत.

सरळच लिहितो. गोल गोल लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर जे काही शिकलो ते इंजिनाच्या पुस्तकांतून आणि वाण्याच्या रद्दीतून. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं घालत नाही. नाव ही काय चीज असते ते तुमच्यामुळंच कळलं, तेव्हापासून दुसऱ्याचं नाव मी जपून वापरतो. तुम्ही मिशनचा बंगला सोडून बोटीत बसून गेलात त्याला नव्वद वर्षं होत आली. तुमच्या खुर्चीवर आता दुसरे साहेब बसतात. तुम्ही नाही तर त्यांनी ऐकावं.

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी सकाळी आजा मला उंबऱ्यात उभं करून माझ्या कोटाची बटणं लावत होता. मी चोवीस वर्षांचा घोडा, सोनगिरवाडीच्या पंचक्रोशीतली ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि बटणं लावणारा ऐंशी वर्षांचा म्हातारा. कारण कोट त्याचा होता. त्याचा म्हणजे मुळात तुमचा, साहेब. जाताना तुम्ही त्याला दोन वस्तू देऊन गेलात. एक हा कोट, आणि एक निळ्या रेघेचा कान तुटका कप.

"अन्या, पाव्हण्यांनी नाव इचारलं तर पुटपुटायचं न्हाई. छाती काढून सांगायचं."

"काय सांगू?"

"अनेसिम. ग्रीक राजाचं नाव हाय म्हणावं."

"कुठला राजा, म्हणाले तर?"

"मोठा. नव्वद घोडं व्हतं त्याच्यापाशी."

"मागच्या नाताळला साठ होते."

"घोड्या व्याल्या," आजा म्हणाला आणि शेवटचं बटण गळ्याशी आवळलं.

आमच्या घरात नावं दोनच. आजा अनेसिम, बाप तीत, मी अनेसिम, मला मुलगा झाला तर तो पुन्हा तीत. नातवानं आजाचं नाव घ्यायचं हा घरचा रिवाज. आईबाप मी लहान असतानाच गेले, त्यामुळं हे नाव मला देणाराही आजाच आणि त्यासाठी मारामाऱ्या करायला लावणाराही आजाच. शाळेतली पोरं मला डोकेदुखीच्या गोळीच्या नावानं हाक मारायची. मी त्यांना ग्रीक राजाची शपथ घालून बडवायचो. राजाचं राज्य दरवर्षी वाढत होतं. मी चौथीत होतो तेव्हा त्याला सोन्याचा पलंग आला, सहावीत असताना त्यानं समुद्र ओलांडला.

घरात एक शास्त्र होतं, म्हणजे बायबल, काळ्या पुठ्ठ्याचं. त्यात शेवटाकडं एक पान जाड लागायचं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. लहानपणी एकदा मी नखानं उचकटायला गेलो तर आजानं हातावर चापट मारली. "हात लावू नगं. उंदराचं औषध लागलंय त्याला." चर्चचे पाळक गावात महिन्यातून एकदा यायचे, ठरलेले चार उतारे वाचायचे आणि कोंबडी खाऊन जायचे. त्या पानापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. मीही पोचलो नाही.

बसमध्ये लेवी मामा शेजारी बसले होते. माझ्या आईचे भाऊ, हे स्थळ त्यांनीच आणलेलं. नगरचे ओहोळ मास्तर, पाळक तयार करणाऱ्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, मुलगी फिबी, कन्याशाळेत शिक्षिका.

"भाच्या, एक सांगतो. मुलगी लाख आहे. बाप जरा उपयोग करून घेतो."

"म्हणजे?"

"आलेल्या पाहुण्याला कामाला लावतो. तुझ्याआधी तीन येऊन गेले. पहिला कारकून. त्याच्याकडून चर्चच्या मंडळीची सगळी यादी नव्यानं लिहून घेतली. दुसरा मास्तर. त्यानं पासष्ट पेपर तपासले. तिसरा कंपाउंडर. त्यानं म्हाताऱ्याच्या पायाचं कुरूप काढलं."

"मग जमलं का नाही?"

"कामं झाल्यावर मुलीनं तिघांनाही नाही म्हटलं. तू काय ते नीट कर."

मास्तरांचं घर बैठं, पुढं अंगण, अंगणात हापसा. आम्ही फाटक उघडलं तेव्हा एक उंच मुलगी हापसा मारत होती. दांडा खाली गेला की तो हापसा खाटकाच्या दारातल्या बकऱ्यासारखा ओरडत होता, आणि दहा वेळा मारल्यावर ओंजळभर पाणी येत होतं. मला लगेच कळलं, आतलं चामडं गेलंय. माझे हात शिवशिवायला लागले. खरं सांगतो, मी मुलीकडं नंतर पाहिलं, हापशाकडं आधी.

"सलाम मास्तर," मामा म्हणाले.

"सलाम, सलाम. या लेवीराव. हेच का मिस्त्री? वा. हाताला काळं दिसतंय म्हणजे खरे मिस्त्री."

आत मास्तरांचे दोन शेजारी आधीच येऊन बसले होते. मास्तर आरामखुर्चीत, आम्ही बाकावर. आधी आवडतं वचन म्हणायला लावलं, मी म्हटलं. प्रार्थना करायला लावली, केली. मग मास्तरांनी चष्मा पुसला.

"नाव?"

मी छाती काढली. कोटाचं गळ्याचं बटण तुटून बाकाखाली गेलं. "अनेसिम भिंगारदिवे."

"अस्सं. अर्थ ठाऊक आहे?"

"ग्रीक राजाचं नाव आहे."

मास्तरांनी शेजाऱ्यांकडं बघितलं. "राजा? कुठला?"

"मोठा होता," मी म्हणालो, आणि मला स्वतःलाच थांबवता आलं नाही, "नव्वद घोडे होते त्याच्याकडं."

साहेब, त्या खोलीत जे हसू फुटलं ते मी आजही ऐकतो. एक शेजारी तर धोतराच्या सोग्यात तोंड घालून हसला. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. मास्तर डोळे पुसत उठले आणि कपाटातून आपलं जाडजूड पुस्तक घेऊन आले.

"ऐका, मिस्त्री. मूळ शब्द ग्रीक, ओनेसिमोस. ओनेसिस म्हणजे लाभ, फायदा. त्यावरून ओनेसिमोस, उपयोगी. कामाला येणारा. आता असं नाव राजाला कोण ठेवील? हे नाव त्या काळी गुलामांना ठेवत. बाजारातून आणला, दातबीत बघितले, नाव ठेवलं उपयोगी. आपण बैलाला नाही का ठेवत, सोन्या, हौश्या? तसं. आणि शास्त्रात जो अनेसिम आहे तोही गुलामच. धन्याच्या घरातून पळालेला. एका पानाचं पत्र आहे त्याच्यावर. वाचलं नाहीत?"

"नाही."

"नाव मिरवता आणि पान वाचत नाही! दुर्मीळ नाव आहे हो तुमचं, अख्ख्या जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. पण म्हणून गुलामाचा राजा होत नाही."

माझ्या कानांतून वाफ निघत होती. नव्वद घोडे एकदम मेले. सोन्याचा पलंग गेला. इतकी वर्षं ज्या नावासाठी मी पोरांचे ओठ फोडले ते नाव बैलाचं निघालं.

तेवढ्यात फिबी चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला. माझ्यापुढं बशी धरताना तिनं फक्त माझ्या तुटलेल्या बटणाकडं बघितलं. हसली नाही.

मास्तर चहा फुरकून म्हणाले, "असो. नाव उपयोगी आहे तर पडा जरा उपयोगी. आमचा हापसा दोन महिने रडतोय. हत्यारं आहेतच शेजारी. चहा झाला की घ्या बघायला."

मामांनी माझ्या पायावर पाय दाबला. म्हणजे ऊठ. आणि साहेब, मी तुम्हाला सांगतो, मी उठणारही होतो. बिघडलेलं यंत्र दिसलं की मला जेवण जात नाही. त्या हापशाचं काम वीस मिनिटांचं होतं. चामडं बदललं असतं, मास्तर खूश झाले असते, आणि ती मुलगी मला तेवढ्यात आवडलीही होती. पण कोटाच्या उघड्या गळ्यातून वारा आत गेला आणि माझी जीभ आपोआप हलली.

"आज नाही, मास्तर."

"का? काम येत नाही?"

"काम येतं. आतलं चामडं गेलंय, फाटकातूनच कळलं. पण आज मी पाहुणा आहे. पाहुणा बसतो."

बाहेर हापशाच्या तोंडातून एक थेंब पडला, तोही ऐकू आला.

"फार ताठा आहे हो," एक शेजारी म्हणाला.

"राजाचं नाव आहे ना," दुसरा म्हणाला, आणि परत हशा झाला.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "आम्ही कळवतो, लेवीराव." आम्ही कळवतो म्हणजे काय हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

मामा फाटकाबाहेर जाऊन मला शिव्या घालायची तयारी करत होते. मी मागं होतो. फिबी परत हापशापाशी आली होती. दांडा मारता मारता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबांनी अर्धंच सांगितलं."

"काय?"

"पत्र. ते पळाल्यापर्यंतच सांगतात. मजा तिथंच येते ना त्यांना. घरी जाऊन शेवटपर्यंत वाचा."

"मग?"

"मग बाबांना उत्तर द्यायला या. स्वतः या. मामांना पाठवू नका." आणि दांडा जोरात मारून म्हणाली, "हापशाला हात लावला असतात ना, तर मी आतूनच नाही म्हणून पाठवलं असतं. चौथा."

परतीच्या बसमध्ये मामा नगरपासून सोनगिरवाडीपर्यंत बोलत होते. मी एक अक्षर ऐकलं नाही.

आजा ओट्यावर बसून कान तुटक्या कपातून चहा पीत होता. शेजारी कागदात शेवबुंदी आणून ठेवलेली.

"काय रं? जमलं?"

"आज्या, राजा कुठला रे?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग उघड्या गळ्याकडं. कप हळूच खाली ठेवला.

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं!"

"व्हय."

"कधीपासून?"

"चाळीस वर्सं झाली."

मी ओरडलोच. "आणि घोडे? पलंग? समुद्र?"

"आरं, पोरगं रडत घरी येतंय नावापायी, तवा काय त्याला गुलाम सांगू? एक घोडा दिला. तू गप झालास. मंग दुसरा दिला." आजानं खांदे उडवले. "तुलाच लई घोडं लागत व्हतं."

मी ओट्यावर बसलो. शेवबुंदी खाल्ली, चहा प्यायलो. मग आजानं जे सांगितलं ते असं.

तो सोळा वर्षांचा असताना तुमच्या बंगल्यावर पंखा ओढायला लागला. नाव होतं धोंडू. बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्ही विचारलंत, नाव काय? धोंडू. हे नको, आजपासून तू अनेसिम. तेव्हा आजानं विचारलं, म्हणजे काय, साहेब? आणि तुम्ही म्हणालात, फार चांगलं नाव आहे, शास्त्रातलं आहे. बास. तेवढंच. एकवीस वर्षं तो पंखा ओढत होता, बूट पुसत होता, घोड्याला खरारा करत होता. चहा मिळायचा, पण मागच्या पायरीवर. कान तुटक्या कपातून. साबूत कप आतल्या माणसांसाठी.

"मला वाचायला येत न्हवतं. साहेब बोटीत बसून गेला, मंग रात्रीच्या शाळेत गेलो. चाळिशीत शिकलो, एकाच कामासाठी. आपलं नाव कुठं लिवलंय ते बघायचं व्हतं. सहा महिनं बोट फिरवत फिरवत गेलो पानावरून, तवा घावलं."

"आणि?"

"आणि काय. कोण तरी तुरुंगातला म्हातारा धन्याला लिवतोय, तुझा गुलाम पळाला, पयला त्यो काय कामाचा न्हवता. हितपत्तूर वाचलं. माझं डोकंच फिरलं. येवढ्या मोठ्या शास्त्रात राजं, संदेष्टे, शूर गडी, आणि आमच्यासाठी हे? उठलो, कणकीची खळ केली आन पान चिकटवून टाकलं. साहेबाला इचारावं तर साहेब बोटीत."

"पुढचं वाचलंस?"

"म्होरं काय आसणार? धरला आसंल. मारला आसंल."

"आज्या, चहाचं पाणी ठेव."

"आत्ता पिलास की."

"पिण्यासाठी नाही."

साहेब, इंजिनाच्या झडपेचा टॅपेट बसवताना आम्ही एक पातळ पत्ती वापरतो, केसाएवढी फट मोजायची. ती मी पेटीतून काढली. आजानं किटली उकळली. मी ते जाड पान वाफेवर धरलं, खळ सैल होत गेली, आणि मी कडेनं पत्ती आत सारली. आजा किटली धरून होता. तो मला ओरडत होता, "फाडू नगंस, मेल्या! शास्त्र हाय ते!" जसं काही चिकटवणारा मीच होतो. पाव तास लागला. पान सुटलं तेव्हा त्यावर कणकीचे पिवळे डाग होते, पण अक्षरं शाबूत.

मी मोठ्यानं वाचलं. तुरुंगातला म्हातारा लिहीत होता. पूर्वी हा तुझ्या कामाचा नव्हता.

"हितंच," आजा म्हणाला. "हितंच थांबलो व्हतो मी."

मी पुढं वाचलं. आता तो तुझ्या आणि माझ्याही कामाचा आहे. त्याला परत पाठवतोय म्हणजे माझं काळीजच पाठवतोय. त्याला घरात घे. पण गुलाम म्हणून नाही. भाऊ म्हणून. मी स्वतः दारात आलो असतो तर मला जसं आत घेतलं असतंस, तसं त्याला घे.

किटलीचं झाकण खडखडत होतं. आजानं किटली खाली ठेवली.

"परत वाच."

परत वाचलं.

"भाऊ? आसंच लिवलंय?"

"असंच."

"तिसऱ्यांदा वाच. हळू."

तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हातारा हसायला लागला. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. "चाळीस वर्सं! आरं, चाळीस वर्सं मी माझ्याच भावकीला खळ लावून बसलो व्हतो!" मग उठला. कान तुटका कप उचलला, त्यातला उरलेला चहा अंगणात ओतला आणि कप भिंतीकडेला मातीत रोवला. "उंद्या हितं मिरची लावू."

पुढच्या रविवारी उत्तर द्यायला मी गेलो, स्वतः. पण एकटा नाही. कोट या वेळी आजानं घातला होता आणि शास्त्र काखेत. वाटेत त्यानं मला बजावलं, "तू बोलायचं न्हाई. तुझ्या घोड्यांनी लई नुकसान केलंय."

मास्तरांनी दार उघडलं. आजा सलाम म्हणाला, आत गेला आणि सरळ मास्तरांच्या आरामखुर्चीत जाऊन बसला. मास्तर आपल्याच घरात उभे.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. हे पान शेवटपत्तूर वाचलंय ना?"

"वाचलंय की. शिकवलंय."

"मी न्हवतं वाचलं. मी अडाणी. मी अर्ध्यात खळ लावली. मंग तुमी का अर्ध्यात थांबला? पोरगं दारात आलं व्हतं. आत घ्यायचं का हापशाला जुंपायचं?"

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. आतून फिबी आली, हातात चहा. सगळे कप सारखे होते. तिनं पहिला कप आजाला दिला.

"आजोबा, अजून एक आहे," ती म्हणाली. "काही जण म्हणतात, हाच अनेसिम पुढं बिशप झाला. खात्री नाही. पण म्हणतात. हो ना, बाबा?"

"म्हणतात," मास्तर कसंबसं म्हणाले.

आजा खुर्चीत ताठ झाला. माझ्याकडं वळला. "बिशपाकडं घोडं आसत्याल का न्हाई?"

"असतील," मी म्हणालो.

"नव्वद?"

मास्तर हसले. या खेपेला सगळ्यांबरोबर, आणि सगळ्यांच्या आधी. मग स्वतः उठून बाक ओढून त्यावर बसले, खुर्ची परत मागितली नाही. लग्न नाताळच्या आधी झालं. हापसा त्याच महिन्यात दुरुस्त झाला, पण मी नाही केला. फिबीनं केला. मी नुसता चामडं धरून उभा होतो आणि मास्तर पाना शोधत होते.

तर साहेब, आता मला उत्तर द्या.

आजा गेला, ताठ मानेनं गेला. कपातली मिरची चार वर्षं टिकली. मी सत्तरीला आलो, माझा मुलगा तीत, आणि त्याचा मुलगा परत अनेसिम. तो आता अक्षरं जुळवतो. परवा पिवळ्या डागांचं ते पान त्याच्या हाती लागलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं, बोट फिरवत. मग मला एक प्रश्न विचारला. मला उत्तर आलं नाही, म्हणून ही सगळी पानं लिहिली. प्रश्न त्याचा आहे, मी फक्त पुढं पाठवतोय.

धोंडू नाव खोडून तुम्ही त्याला हे नाव दिलंत, तेव्हा ते पत्र तुमच्या टेबलावरच्या शास्त्रात होतंच. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलं होतं का? नव्हतं, तर दुसऱ्याच्या पोराचं नाव बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि वाचलं होतं, तर एकवीस वर्षं तो मागच्या पायरीवर का बसला होता?

लेखी कळवा. तुम्ही नाही तर तुमच्या खुर्चीवर बसलेल्यानं कळवावं. पत्ता, अनेसिम भिंगारदिवे, सोनगिरवाडी. मोठा की धाकटा ते लिहिलं नाही तरी चालेल. दोघंही वाट बघतोय.